पिसांचं व्रत

वन्संनी पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफेत नाक घातलं आणि एकच शब्द बोलल्या, "कांदा."

पातेल्यात खरं तर पिसं होती. कोंबड्याच्या मानेची, लांब, निमुळती, तांबूस पिवळ्या पाण्यात एकमेकांना चिकटून तरंगत असलेली. दुसऱ्या कुणालाही आधी ती दिसली असती. पण श्रावण लागलेला, चातुर्मासात आमच्या घरात कांदा-लसूण उंबरा ओलांडत नाही, आणि माझ्या नणंदेचं नाक कायम डोळ्यांच्या पुढं चालतं. पिसांकडं त्यांचं लक्ष गेलं ते झाकण बाजूला ठेवून पदर नाकाला लावल्यावर.

"आणि हे काय आहे, शरयू?"

मी मागच्या पडवीत स्टोव्हपुढं पाटावर बसले होते, हातात लाकडी डाव होता, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. चातुर्मासात माझं मौन असतं. सकाळची आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत. मी ओठांवर बोट ठेवलं. वन्सं म्हणाल्या, बरं सोयीचं आहे तुझं.

त्या उद्या येणार होत्या. आजच आल्या, सकाळच्या एस.टी.नं, छत्री निथळत, हातात एक रिकामी मोठी बॅग घेऊन. ती बॅग कशासाठी ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती अण्णांसाठी होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. धरण बांधलं गेलं तेव्हापासून ते तिथं नोकरीला होते, आणि निवृत्त झाल्यावर वसाहतीच्या मागं घाटमाथ्यावरच त्यांनी हे छोटं घर बांधलं. तरुणपणी त्यांचा एक साहेब होता, त्यानं जाताना त्यांना एक काठी, गळ पकडून ठेवणारा एक लहानसा शिकंजा आणि एक वेड ठेवून दिलं. गळाला गांडूळ लावायचं नाही, कणीक लावायची नाही. गळावर रेशमाच्या धाग्यानं पिसं बांधून त्याची माशी करायची, ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की महसीर माशाला वाटावं खरंच काही तरी उडता उडता पडलं. मासा लागला की काठाशी आणायचा, त्याच्याकडं बघायचं आणि सोडून द्यायचा. सोडायचाच आहे तर धरायचा कशाला, असं मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, देवळात जाऊन तू तरी देव घरी घेऊन येतेस का.

गेल्या माघात ते काठावर पाय घसरून पडले. घोटा मुरगळला, आणि कुणी येईपर्यंत बराच वेळ ओल्यात बसून राहिले. ते ठाण्याला वन्संच्या कानावर गेलं. माझे यजमान तेव्हा मस्कतला नोकरीला, त्यांच्याशी फोनवर बोलून बहीणभावांनी ठरवलं की अण्णांनी गळ कायमचा सोडला असेल तर राहू देत तिथं, नाही तर ठाण्याला आणायचं. ठाण्याला म्हणजे सातव्या मजल्यावर, जाळीच्या बाल्कनीत. अण्णांनी फोनवर शपथेवर सांगितलं की सोडला. काठी माळ्यावर टाकली म्हणाले. माळ्यावर टाकलीही होती. पण तिथून ती रोज खाली येई.

आणि आता पाऊस ओसरून पाणी निवळायच्या आत त्यांना पिवळट सोनेरी माशा हव्या होत्या. धरणाच्या तळ्याच्या खोल कोपऱ्यात एक मोठा महसीर होता. त्यानं मागच्या वर्षी अण्णांचा दोर तोडून नेला होता, आणि अण्णा त्याच्याबद्दल व्याह्याबद्दल बोलावं तसं बोलत, म्हणजे रागानं पण आदरानं. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पिवळा कुठला आणि मातकट कुठला हे त्यांना कळेनासं झालं, म्हणून रंगवायचं काम माझ्याकडं आलं. मला कापसाची वस्त्रं हळदीकुंकवात रंगवायची सवय. पिसांचंही फारसं वेगळं नसतं. रिठ्याच्या पाण्यात धुऊन त्यांचं तेल काढायचं, तुरटीत भिजवायची, मग रंगाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. उकळी येऊ द्यायची नाही, आली की पिसाच्या कडा आखडतात. अण्णांना हवा तो सोनेरी रंग फक्त कांद्याच्या सालींनीच येतो. साली शेजारच्या नजमाभाभी देत, पिसंही त्यांच्याच कोंबड्याची. माझी अट होती की पिसं आपोआप गळलेलीच हवीत. एका कोंबड्याची इतकी पिसं गळतात तर तो उघडाच फिरत असेल, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा अण्णा म्हणाले, त्याची प्रकृती उष्ण आहे. मी पुढं विचारलं नाही. पिसांना हात लावला की पुन्हा आंघोळ करायची आणि मगच देवघरात जायचं, एवढं मी माझ्यापुरतं ठरवून घेतलं होतं.

तर वन्सं झाकण हातात घेऊन उभ्या, मी तोंडावर बोट ठेवून बसलेली, आणि आतून अण्णा आले. लेकीला बघून त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पातेल्याकडं नजर जाऊन पडला. हात त्यांनी पाठीमागं नेले. बोटं पिवळीधमक होती.

"तिला बोलायला लावू नकोस, पमे," ते म्हणाले. "तिचं व्रत आहे."

"मौनाचं कळलं. पातेल्यात काय आहे?"

"तेही व्रतच."

मी डाव घट्ट धरला. वन्संनी पाट ओढला आणि समोर बसल्या. व्रत म्हटलं की त्या बसतातच. ठाण्याच्या त्यांच्या बायकांत असं एकही व्रत नव्हतं जे त्यांनी केलं नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नसलेलं व्रत भावजयीला ठाऊक असावं हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी अण्णांची उलटतपासणी सुरू केली. कुठल्या देवाचं? अण्णा म्हणाले, कार्तिकस्वामीचं. कार्तिकी पौर्णिमेला बायका त्याला पीस वाहतातच की. वन्सं म्हणाल्या, ते मोराचं, आणि हे कोंबड्याचं दिसतंय.  अण्णा म्हणाले, मोर देवाचं वाहन, पण त्याच्या ध्वजावर कोंबडा असतो. वाहनाला सगळेच विचारतात. ध्वजाला कुणी विचारायचं?

हे वन्संना पटल्यासारखं दिसलं, आणि तीच मोठी अडचण झाली, कारण पटल्यावर त्या खोलात शिरतात. मग कांद्याच्या साली कशाला, त्यांनी विचारलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्टोव्हची वात कमी केली. अण्णा म्हणाले, तो त्याग आहे. आतला कांदा सगळा सोडायचा आणि साल तेवढी ठेवायची.

मला हसू येत होतं आणि मौनात हसलं तर ते मोडतं की नाही हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. मी एक पीस डावानं उचललं, पायरीच्या काळ्या दगडावर ठेवून रंग पाहिला आणि पुन्हा आत सोडलं. वन्सं बघत राहिल्या. 

मग त्या उठल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "नैवेद्य झाला की मी शरयूलाच विचारीन. ती खोटं बोलत नाही. व्रत असेल तर मी पाया पडेन. नसेल तर दुपारच्या गाडीनं तुम्ही माझ्याबरोबर."

त्यांनी बॅग उघडली आणि बाजेवर ठेवली.

मी पिसं काढली, वर्तमानपत्रावर पसरली, आंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागले. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात पहारा दिल्यासारख्या भाजी निवडत बसल्या. अण्णा सारखे दारावरून जात. कधी पाणी प्यायला, कधी उगीच. वन्संचं लक्ष नसलं की हात जोडत, मग मान हलवत, म्हणजे नको, खोटं बोलू नकोस, मग पुन्हा हात जोडत. एकाच फेरीत दोन्ही करत. मला कढीत मीठ घातलं की नाही ते आठवेना.

खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. सकाळी मी देवाजवळ बसते तेव्हा अण्णा पडवीत शिकंज्यापुढं बसतात. कुणीच बोलत नाही. त्यांचा धागा रिळावरून सुटताना होतो तेवढाच आवाज. असं न बोलता सोबत बसता येणारं माणूस मला माहेरीही मिळालं नव्हतं. सातव्या मजल्यावर त्यांनी काय केलं असतं? आणि मी इथं?

ताट वाढलं. देवापुढं पाण्याचा चौकोन करून ठेवलं, तुळशीचं पान ठेवलं, पळीनं पाणी फिरवलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त बसले. मागं वन्संच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे त्या उभ्या राहिल्या होत्या. मी नमस्कार केला, देवाचं नाव घेऊन मौन सोडलं आणि वळले.

"हं," वन्सं म्हणाल्या. "आता सांग. ते व्रत आहे?"

"हो, वन्सं," मी म्हटलं. "व्रत आहे."

अण्णा खांबाला धरून उभे होते. ते खांबाला धरूनच खाली बसले.

वन्संनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मग त्यांचा जोर एकदम गेला. खरोखर पाया पडायला वाकल्या, मी मागं सरले, त्या म्हणाल्या, राहू दे, मी मोठी आहे, पण शब्द दिला होता. मी पानं वाढली.

जेवताना वन्सं व्रताचं विधान विचारायला लागल्या. ठाण्याला बायकांना सांगायचं होतं. पिसं किती, कुठला वार, कहाणी आहे का. मी वाढत होते आणि उत्तर देत नव्हते. अण्णांनी वरणभात कालवला तो कालवतच राहिले. मग त्यांनी हात पानात ठेवला.

"पमे," ते म्हणाले, "शरयू खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. व्रतबित काही नाही, ती पिसं माशांसाठी आहेत, काठी रोज खाली येते, माघानंतरही ते काठावर जात होते, आणि त्या महसिरालाही ओळख पटली असेल इतक्या वेळा जाऊन आले आहेत. आपण ठाण्याला येऊ म्हणाले, पण या मुलीच्या नेमधर्माला आपल्यापायी डाग लागला ते गिळवत नाही. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. पिवळ्या बोटांकडं बघत होते.

वन्सं रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. त्या मला म्हणाल्या, "तू, शरयू?"

"मी खोटं बोलले नाही," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"अण्णांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा व्रत नव्हतं. ते त्यांचं त्यांनी देवाशी बघून घ्यावं. तुम्ही मला विचारलंत तेव्हा होतं. नैवेद्याच्या वेळी मी हातावर पाणी घेतलं, संकल्प केला आणि उदक सोडलं. मौन होतं म्हणून मनातल्या मनात केला. देवाला तेवढं ऐकू येतं."

 वन्संनी घास खाली ठेवला.

"काय संकल्प केलास?"

मी कढीचं भांडं खाली ठेवलं आणि सांगितला. पाऊस उघडला की अण्णांनी रोज संध्याकाळी मी रंगवलेलं पीस पाण्याला दाखवायचं. मासा आला तर हात जोडून सोडून द्यायचा. काठावर एकट्यानं जायचं नाही, मी जपाची माळ घेऊन बरोबर जायचं, आणि शेवाळावर पाय ठेवायचा नाही. तो खोल कोपऱ्यातला मोठा महसीर ज्या दिवशी पीस घेईल त्या दिवशी उद्यापन.

"आणि तोपर्यंत अण्णांना इथून हलवता येणार नाही," वन्सं म्हणाल्या.

"मला काय कळतं," मी म्हटलं. "तुमच्याइतकी व्रतं मी केलेली नाहीत. उद्यापनाशिवाय व्रत सोडलं तर चालतं का, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला ताप होता म्हणून मी सोळा सोमवारांतला एक सोडला होता, तेव्हा याच वन्संनी मला पुन्हा पहिल्यापासून सोळा करायला लावले होते. ते त्यांना आठवलं असावं.  त्यांना हसायचं होतं की ओरडायचं ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. शेवटी म्हणाल्या, "कढी वाढ. अळणी आहे, पण वाढ."

मग जेवण होता होता त्यांनी आपला डाव टाकला. शेवटी अण्णांचीच मुलगी.

"ठीक आहे. व्रत अर्धवट टाकायचं नाही. पण उद्यापनाला मला बोलवायचं. ज्या दिवशी तो मासा लागेल त्या दिवशी मी येईन आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन जाईन. ही बॅग इथंच ठेवून जाते."

अण्णा तोपर्यंत चांगले जेवायला लागले होते. ते चावता चावता थांबले. त्या माशासाठी ते वर्षभर झुरत होते.

पाऊस उघडला, पाणी निवळलं आणि आम्ही जाऊ लागलो. मी कोरड्या दगडावर माळ घेऊन बसे, अण्णा पुढं उभे राहून दोर हवेत खेळवत. सोनेरी माशी पाण्यावर उतरे, तेव्हा मलाही क्षणभर ती जिवंत वाटे. बारके मासे उडी मारत आणि जात. मोठा कधी कधी येई. पाण्याखालून एक रुंद पाठ वर येताना दिसे, तोंड उघडे, माशी नाहीशी होई, दोर ताठ होई आणि लगेच सैल पडे. "सुटला," अण्णा म्हणत. आवाजात दुःखाचा मागमूस नसे. घरी येताना शीळ वाजवत.

दर कार्तिकात वन्संचा फोन येई. लागला का? मी म्हणे, नाही हो वन्सं. हेही खरंच होतं. मस्कतहून हे सुट्टीवर आले की काठावर येऊन बसत आणि म्हणत, अण्णांचा हात गेला आता. वसाहतीतले लोकही म्हणत. अण्णा मान हलवून कबूल करत, वय झालं. मी पिसं रंगवत राहिले. बॅगेत मी थंडीतल्या रजया भरून ठेवल्या होत्या, नुसती जागा अडवत होती म्हणून.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग एका कार्तिकी पौर्णिमेला वन्सं न कळवता आल्या. त्यांचे गुडघे तोवर दुखायला लागले होते, तरी म्हणाल्या, मी येणार काठावर. बघू तरी कसा लागत नाही.  संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरून काठी काढायला नेहमीपेक्षा उशीर लावला.

वन्सं माझ्या शेजारी दगडावर बसल्या नाहीत. अण्णांच्या बाजूला, कोरड्यावर पण अगदी पाण्याशी जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी दोर टाकला, आणि त्या दिवशी, का कोण जाणे, तो पहिल्याच वेळी आला. पूर्ण वर आला. त्याचे खवले मी दगडावरून मोजू शकले असते. त्यानं माशी घेतली, दोर ताठ झाला, काठी वाकली, वन्संनी अण्णांचा दंड धरला. आणि सैल.

"सुटला," अण्णा म्हणाले.

वन्संनी त्यांच्या हातातला दोर घेतला आणि ओढून आणला. माशी हातावर घेतली. ओली पिसं बोटानं बाजूला केली आणि उजेडाकडं वळून पाहिली. मी माळ ओढायची थांबले. पिसांच्या खाली जिथं गळाचा आकडा असायला हवा, तिथं काही नव्हतं. सरळ काडी होती, कानशीनं नीट गुळगुळीत केलेली. तो मासा काडी चावून कंटाळून सोडून देत होता, वर्षानुवर्षं.

वन्संनी आधी अण्णांकडं पाहिलं. अण्णा समोरच्या डोंगराकडं बघत होते, शाळेत पकडलेल्या मुलानं फळ्याकडं बघावं तसे. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रोज संध्याकाळी त्या माशा धुऊन वाळवायच्या कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी मूठ मिटली.

"मोठा होता, अण्णा," त्या म्हणाल्या. "थोडक्यात गेला."

"हो ना," अण्णा अगदी हळू म्हणाले.

चढावर त्यांनी अण्णांना पुढं जाऊ दिलं, मला मागं थांबवलं आणि मिटलेल्या मुठीतली ओली माशी माझ्या हातात दिली.

"वाळव नीट," त्या म्हणाल्या. "आणि भावाला फोन मी करते. यंदाही नाही लागला म्हणून सांगते."